आमच्याकडे लाइट जात नव्हती

बँडमध्ये मला घेतलं ते माझ्या वाजवण्यामुळे नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो. कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन मुलं बेस गिटार वाजवणारा शोधत होती. एक गायचा, गिटार वाजवायचा आणि गाणीही स्वतःच लिहायचा. दुसरा ड्रम बडवायचा. दोघेही महानगर मोहल्ल्यातले. मी साधी गिटार जेमतेम वाजवायचो, बेसला तर कधी हातसुद्धा लावला नव्हता. गायकाने विचारलं, राहतोस कुठे? म्हटलं, मानक नगर, रेल्वे कॉलनी. त्याने ड्रमवाल्याकडे बघितलं.

"तुम्हारे यहाँ लाइट जाती है?"

"नहीं जाती."

"तो तू पक्का!"

झालं. वाजवून दाखव नाही, काही नाही. नव्वदच्या दशकातलं लखनौ ते. शहरात संध्याकाळ झाली की लाइट गुल, आणि विजेशिवाय आमची वाद्यं म्हणजे नुसती लाकडं. कॉलनीला मात्र वेगळी लाइन होती, त्यामुळे आमच्या क्वार्टरची मागची खोली बँडची झाली. तिथे आईचं लोखंडी कपाट होतं, रजयांची चळत होती आणि आता ड्रमही आले. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाहून स्वतःला टेम्पोत कोंबून यायचे, गिटार मांडीवर उभी धरून. लोकांना सिनेमातली गाणी हवी असायची. आम्ही आमचीच वाजवायचो, त्यामुळे लोक फारसे नसायचेच.

आईला दोघं फार आवडायचे. तिसऱ्या गाण्याला साबुदाण्याची खिचडी यायची आणि ड्रमवाला गाणं अर्धवट टाकून प्लेट घ्यायचा. "बेटा, और लो ना, लाजता काय!" आई म्हणायची. त्याला ते बरोब्बर कळायचं. बाबांचं वेगळं. ते ऑफिसात रुळांची कंपनं मोजायचे आणि घरी आल्यावर आमची भोगायचे. "झाला का सुरू तुमचा ढणढणाट?" हे रोजचं. एकदा ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाकी सगळ्यांचं ऐकू येतं, तुझंच तेवढं येत नाही."

माझा चेहरा पडला.

"तोंड काय पाडतोस? कपाटाला येतंय बघ. हात लाव."

मी लावला. कपाटाचं दार खरंच थरथरत होतं. "नोकरीभर हेच तर मोजतोय," बाबा म्हणाले आणि पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

एवढं असूनही मनात एक किडा होता. हे दोघं माझ्यासाठी येत नाहीत, लाइटसाठी येतात. गायकाच्या घरी जाऊ म्हटलं की तो विषय बदलायचा. वाटायचं, आपल्याला घरी न्यायच्या लायकीचं समजत नाही हा.

दोन वर्षांनी हज़रतगंजजवळच्या एका हॉलमध्ये आमचा पहिला खरा कार्यक्रम ठरला. नुसती आमची गाणी! आणि त्याच आठवड्यात बाबांची नागपूरला बदली झाली. क्वार्टर सोडायचं, आई-बाबा जाणार, मी शेवटच्या वर्षासाठी हॉस्टेलवर. हॉस्टेलवर लाइट? नाव काढू नका. आता मला कोण कशाला ठेवील? खोलीत खोकी दिसू लागली तेव्हा मी बेधडक ठोकून दिलं, "पुताई होने वाली है." रंगकाम काढलंय म्हणे! दोघांनी मान डोलावली.

शेवटी राहवेना. एका दुपारी न सांगता महानगरला गायकाच्या घरी गेलो. त्याच्या आईने बसवलं, पाणी दिलं, तेवढ्यात लाइट गेली. आणि लगेच मागच्या अंगणात धडधड सुरू झाली, डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

"नया लिया है, आंटी?" मी विचारलं.

"अरे नहीं बेटा, जनरेटर तो पिछली से पिछली दिवाली का है. ऊपर का कमरा भी इन्हीं लोगों के गाने के लिए खाली पड़ा है. पता नहीं क्यों उतनी दूर भागते हैं."

गायक जिन्यात उभा होता, चोरी पकडल्यासारखा. मला आधी रागच आला. दीड वर्ष मला येडं बनवलं!

"बताया क्यों नहीं?"

"बता देते तो तू बोलता, अब मेरी क्या ज़रूरत. और छोड़ देता. तू है ही ऐसा," तो म्हणाला. "और तेरी पुताई का भी पता है." एवढं बोलून तो हसलाच. "तेरी मम्मी ने ट्रांसफर का कब का बता दिया. बेस तू ही बजाएगा, हॉस्टल में रह या पेड़ पर."

मी पाण्याचा ग्लास उचलून घटाघट पिऊन टाकला. बोललो असतो तर रडलो असतो.

घरी आलो तेव्हा बाबा त्या लोखंडी कपाटाला सुतळी गुंडाळत होते. म्हटलं, "बाबा, त्यांच्याकडे दीड वर्षापासून जनरेटर आहे."

"माहितीये," बाबा म्हणाले. "कुठला घ्यायचा ते मीच सांगितलं. आला होता तो माझ्या ऑफिसात, गिटारीचा लोड पेलेल का विचारायला. तुला सांगू नका म्हणाला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग एवढा ढणढणाट सहन कशाला केलात? पाठवायचं ना आम्हाला तिकडे!"

बाबांनी गाठ मारली, कपाटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तिकडे गेला असतास तर मला कुठे ऐकू आलं असतं?"