अष्टमीचा दिवस मी सुचवला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. परवा खांदेश्वरच्या घरात तिच्या शेजारी बसून गावच्या मिरवणुकीचे व्हिडिओ बघत होतो, तेव्हाही जीभ रेटली नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगणं जमेल, असं वाटतं.

आधी आनंदाचं सांगतो. आमचं गाव जिंकलं.

खाडीकाठचं आगरी गाव. भरतीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या गावामागच्या खाजणात, खाऱ्या दलदलीत, पसरायचं. मग लष्करी तळ आला, आणि तळाचा रस्ता भराव टाकून नेमका गाव आणि खाजण यांच्या मधून गेला. पाण्याला पसरायला जागा राहिली नाही. ते घरांत शिरायला लागलं. इतकी वर्षं शिरत होतं. यंदा संसदेची समिती आली, तिनं डोळ्यांनी पाहिलं, आणि रस्ता फोडून खाली मोठाल्या मोऱ्या टाकायला लावल्या. त्यानंतरच्या पहिल्या उधाणाला पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं — आणि मोऱ्यांतून पलीकडे खाजणात निघून गेलं. सगळं गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं. लगेच बेंजो लागला. माझी चांगुणाकाकी, सत्तरी उलटलेली, सगळ्यांच्या पुढे नाचत होती. मला बघून म्हणाली, "काय रं इंजिनेर, असा सुतकी कनाला? तलवाल्यानला मागं सारला ना आमी."

सुतकी का? तेच सांगायचंय.

समिती यंदा पहिल्यांदाच आली, असं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक येऊन गेली होती. तळ देशाचा असला तरी त्याच्या बांधकामाची झळ कुणाला बसते, हे खासदारांनी येऊन तपासायचं असतं. मी तेव्हा तळाच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. साहेबांनी हसत विचारलं, "तू तिकडचाच ना? पाहुण्यांना कुठला दिवस बरा पडेल?"

ते काय विचारत होते, हे मला कळलं नव्हतं का? आमच्याकडे पाणी तिथीवर चालतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण — भर दुपारी पाणी उंबऱ्याशी. अष्टमीला भांग — दुपारी खाडी रिकामी, नुसता चिखल. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मी म्हटलं, अष्टमी बरी.

समिती भर दुपारी आली. गल्ल्या खडखडीत कोरड्या. गावाला निरोप आदल्या संध्याकाळी मिळालेला, दिवस बदलून मागायलाही वेळ नाही. काकी पुढे होऊन भांडली, "आज काय बगाल? आवसेला या, मंग दावतो." मागून कुणीतरी हसलं. पण समितीच्या प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्या काकीच्या स्वयंपाकघरात गेल्या, वाकून भिंतीवरच्या ओलीच्या डागावर हात फिरवला. त्यांचा काकीवर विश्वास बसला होता — मी दारातून बघत होतो, मला ते दिसलं.

इथं थांबता आलं असतं. दिवस सुचवला, एवढंच कबूल करून मोकळा झालो असतो, नाही? पण ते अर्धंच आहे.

परतताना रस्ता दाखवायला मला बाईंच्या गाडीत बसवलं. साहेब मागच्या गाडीत होते. बाईंनी विचारलं, "आप तो यहीं के हैं. ये पानी पहले भी आता था?"

मी म्हणालो, "हां मॅडम. पहले से आता है."

ते वहीत टिपून त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. कुणी मला धमकावलं नव्हतं. खरं बोललो असतो तर ते साहेबांपर्यंत पोचलंही नसतं. मला नोकरीत कायम व्हायचं होतं, आणि मी झालो.

त्यानंतर गाव ज्या कचेरीत जाई तिथं एकच उत्तर — समिती बघून गेली, पाणी पूर्वीपासूनच येतं. वरच्या आळीतली, घरांचे चौथरे उंच असलेली माणसं काकीलाच टोमणे मारायची, "काकी, आज अष्टमी हाय. पानी आनतेस का?" आधी ती हसण्यावारी न्यायची. मग तिनं बैठकांना जाणंच सोडलं. स्वयंपाकघराची भिंत बसली तेव्हा काकाला घेऊन कळंबोलीला लेकीकडे गेली. काका तिथंच वारले. खिडकीबाहेर ट्रकच ट्रक, आणि ते विचारायचे — भरती लागली का? मी तिथं बसलेला असायचो. काय सांगायचो? हो, लागली असेल.

पण काकी परत आली. गावातल्या सुनांनी उधाणाचे व्हिडिओ काढले, दिल्लीपर्यंत अर्ज धाडले, आणि नवी समिती येणार ठरली. या वेळी काकीनं अट घातली — अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तिच्याच घरात. खासदारांना पुढच्या खोलीत खुर्च्या मांडून बसवलं. "बूट काडून बसा साहेब. येतंय पानी." पाणी आलं. उंबरा ओलांडलं, खुर्च्यांच्या पायांना लागलं, तळाच्या अधिकाऱ्यांची इस्त्रीची पँट भिजली. या समितीच्या प्रमुखांनी तोच प्रश्न विचारला — हे पूर्वीही यायचं का?

"कवाच नाय," काकी म्हणाली. "माजं लगीन याच अंगनान झालं. सुक्या मातीव."

मी दाराबाहेर गर्दीत होतो, घोट्यापर्यंत पाण्यात. मला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती. गाव माझ्याशिवाय जिंकलं — खरं तर मलाही हरवून जिंकलं, फक्त गावाला ते अजून ठाऊक नाही. काकीला वाचता येत नाही. हे छापून आलं की तिची नात तिला वाचून दाखवील.