कॅप्टनमामांच्या बोटीचा विमा

कॅप्टनमामांनी समुद्र पाहिला नव्हता, पण रंकाळा तळ्याच्या काठावरून ते असे ओरडत की पाण्यात बसलेल्या म्हशीसुद्धा माना वळवायच्या. "सरका की पावणं! बोट येतीया! खाली पंखा फिरतोय, कापल!" मग दोन्हीकडे पाहून ते हातभर लांबीची बोट पाण्यात सोडायचे. मी शेजारची, नववीतली, चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी. त्यांचं ओरडणं सुरू झालं की कुठे लपावं ते मला कळत नसे.

मामांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. बोटी ते स्वतःच बनवायचे. एक रिमोटवर चालायची. दुसरीत होकायंत्र बसवलेलं होतं. ती आपली आपण दिशा धरून जायची. तिला ते 'शहाणी' म्हणत.

एका सकाळी वारा फिरला आणि शहाणी एका पोहणाऱ्या वस्तादांच्या तोंडावर गेली. भुवई फाटली. वस्ताद रक्त पुसत हसले. "मामा, आखाड्यात ह्याच्या दुप्पट फुटलंय. च्या पाजा, मिटलं."

मामांनी चहा पाजला, स्वतः घेतला नाही. घरी येऊन दोन्ही बोटी कपाटावर टाकल्या. मामी जेवायला बोलवत राहिल्या. "जरा खाली लागलं असतं तर डोळा गेलता," ते म्हणाले. "मग त्याचं घर कुणी चालवायचं? माझी ऐपत हाय व्हय तेवढी?" त्या दिवसापासून एकच धरलं : विम्याशिवाय बोट पाण्यात न्हाय.

विमा कचेरीत मला बरोबर नेलं, कारण मी इंग्रजी शाळेतली. तिथल्या साहेबांना हसू आवरेना. "मामा, खेळणं फुटलं तर दुसरं करा की."

"फुटू दे. माझ्या बोटीनं दुसऱ्याला लागलं तर, त्याचा विमा पाहिजे."

"पण ही आपली आपण चालते म्हणता. मग चूक कुणाची धरायची?"

"माझी! पोरानं काच फोडली तर शेजारी पोराला धरतो का बापाला?"

साहेब हसायचे थांबले. पण तसा विमा त्यांच्याकडे नव्हता.

शेवटी अशा छोट्या बोटी चालवणाऱ्यांच्या पुण्यातल्या एका हौशी मंडळाने सभासदांसाठी काढलेला विमा मिळाला. तोवर बोटींवर धूळ साचली होती. कागद मी वाचून दाखवला. शहाणीलाही परवानगी होती. मात्र तिला सोडणाऱ्याने काठावर रिमोट घेऊन उभं राहायचं आणि गरज पडताच ती थांबवायची. "परत वाच," मामा म्हणाले. मी परत वाचलं. त्याच आठवड्यात त्यांनी शहाणीला थांबवायचं बटण जोडलं.

आता धास्ती संपेल असं मला वाटलं होतं. पण मी कॉलेजात गेले तोवर मला बोटीऐवजी मामांचा अंगठाच दिसू लागला. तो थरथरायचा. बशीतला चहा सांडायचा, मामी पुसायच्या. एकदा बटण दाबताना अंगठा घसरला आणि शहाणी एका पोहणाऱ्याच्या कानाजवळून गेली. त्याला कळलंही नाही. मामा मटकन पायरीवर बसले.

"मामा, विमा चालू आहे," मी कसंबसं म्हणाले.

"विमा पैसं देतोय, पोरी. डोळा देत न्हाय." त्यांनी रिमोट पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "तुझा हात बघू."

मी पुढे केला. तोही थरथरत होता.

"तुझा भ्यानं हालतोय. भ्यालेला माणूस बटणावरनं अंगठा काढत न्हाय. हितनं पुढं रिमोट तुझ्याकडं. विम्यात तुझं नाव घालू."

नाव लागलं तेव्हा मामांना काठी लागत होती. रिक्षाने तळ्यावर आलो. ते पायरीवर बसले, रिमोट माझ्या हातात. मी बोट पाण्याला टेकवली.

"थांब. त्यो गडी भाईर येऊ दे."

गडी पाठीवर पडून निवांत तरंगत होता. तो बाहेर आला तोवर दुसरे दोघे उतरले. त्यांच्यामागून कुणी म्हशी घातल्या. ऊन वर आलं. माझा अंगठा बटणावर होता, आणि बोट काठावर.

शहाणी कोरडीच घरी निघाली. मामांची तळ्यावरची ती शेवटची सकाळ. रिक्षात चढताना माझ्या खांद्याला धरून ते म्हणाले, "आज बेस झालं. कुणाला लागलं न्हाय."