मामांचा कातळ

माझ्या बायकोच्या मामांइतका सावकाश माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात झाला नसेल. अंबाडीच्या रस्त्याला त्यांचं गाव. तिथल्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर घरामागच्या माळावरचा एक कातळ सांभाळायला घेतला. सांभाळायला म्हणजे फुटताना बघायला. कातळावर दगडफूल चढलेलं, भेगेत उंबराचं मूळ शिरलेलं आणि त्या मुळामागून पावसाचं पाणी आत उतरणारं. "पाणी आणि मूळ मिळून दगडाची माती करतात, जावईबापू. बघायला थांबणारा न्हाय कोणी," ते म्हणत. दर दसऱ्याला भेगेत एसटीची जुनी तिकिटं सरकवून ते तिची रुंदी मोजत. एखादं तिकीट जास्त मावलं की घरात गोड शिरा व्हायचा. एकदा मामी मसाला भाजत असताना कढईतलं दगडफूल उचलून ते डोंगर कसा पोखरतं हे त्यांनी मला इतकं रंगून सांगितलं, की मसाला करपला आणि वर्षभर आम्ही तो तसाच खाल्ला.

मग माळ गोदामासाठी गेला. तो पुतण्यांच्या वाट्याचा, मामांना कोण विचारतो! दगड फोडायचं मशीन आलं त्या सकाळी मामांनी तेलात शेंदूर कालवून कातळाला फासला. दगडाला शेंदूर फासून देव होत नाही, असं जन्मभर मुलांना शिकवलेला हा माणूस! चालकाने मशीन बंद करून हात जोडले. "अपुन इसको हाथ नहीं लगाएगा," म्हणाला. गोदामाची भिंत वाकडी घेतली गेली. त्या दिवशी मामा रडले, आनंदाने की शरमेने, मला कळलं नाही.

पण आता देवाकडे गावाचं लक्ष गेलं. भाविकांनी तारेच्या घासणीने दगडफूल खरवडलं, देवाला चिरतो म्हणून उंबरसुद्धा तोडला, भेग दिसायला बरी नाही म्हणून सिमेंटने बुजवली आणि देव भिजू नये म्हणून वर पत्रा टाकला. मामांनी हा देव नाही असं सांगावं, तर मशीन परत येणार.

हल्ली ते रोज सकाळी कातळावर तांब्याभर पाणी घालतात. मास्तर म्हातारपणी देवाला लागले म्हणून गाव खूश आहे. गेल्या महिन्यात मी सोबत होतो. सिमेंटच्या त्या रेघेवरच ते बारीक धार धरून उभे होते. मला फार वाईट वाटलं.

"मामा, किती वर्षं टिकेल हे सिमेंट?"

"माझ्याहून जास्तच," ते म्हणाले, आणि आणखी पाणी आणायला नळाकडे वळले.