बाझलच्या पत्राचं भाषांतर

हसायचं नाही हं, आधीच सांगतो. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी माझा धोंडा थेट स्वित्झर्लंडहून हवाई टपालाने मागवला!

झुरिकला डॉक्टरेट घेऊन मी कलकत्त्याला परतलो, तेव्हा देश नुकता स्वतंत्र झालेला आणि त्याचा सगळा भार जणू माझ्याच खांद्यावर. पहिल्याच पंधरा ऑगस्टला संस्थेच्या सभेत मी टेबलावर मूठ आपटली. "शिकून परदेशात राहतात ते कपाळकरंटे!" आमचे डायरेक्टर सेनबाबू यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तीन वर्षं मी एका व्हॅक्युम पंपाची वाट पाहिली. पंपाशिवाय माझा प्रयोग सुरूच होईना. फाइल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर मजेत फिरत होती. मला काम काय? जर्मन कॅटलॉगांचं भाषांतर! अख्ख्या संस्थेत जर्मन येणारा मी एकटा ना!

शेवटी हात सगळं विसरायच्या आत पळावं म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका प्राध्यापकांकडे संशोधकाच्या जागेसाठी गुपचूप अर्ज केला. संस्थेत कुणाला कळू नये म्हणून पत्र लांब एस्प्लनेडच्या पोस्टात जाऊन टाकलं. सावधपणा बघा माझा! फक्त जरा ऐट म्हणून लिहिलं, 'आमच्या संस्थेत जर्मनचा नित्य वापर होतो.' खोटं कुठे होतं?

महिन्याभरात सेनबाबूंचं बोलावणं. त्यांच्या हातात निळं पाकीट.

"जोशीबाबू, हे बाझलहून माझ्या नावे आलंय. सगळं जर्मन! काय म्हणतात?"

पत्रात होतं : 'आपल्याकडच्या डॉ. जोशींना आम्ही घ्यावं का? आपलं स्पष्ट मत कळवा.'

पंधरा ऑगस्टचं ते भाषण आठवलं. आता हे वाचून दाखवू? तोंडातून निघून गेलं, "सर, आपल्याकडे एक स्विस यंत्र आहे ना... ते कसं आहे, विचारतात. त्यांना हवंय."

"तीन वर्षांपूर्वी आलेलं? खोक्यातून अजून काढलंच नाही ते?"

"तेच."

"अरे, लिहा, आम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही. नुसती जागा अडवतं. फुकट न्या म्हणावं!"

"सर, इतकं स्पष्ट?"

"शास्त्रात स्पष्टच बोलावं, मोशाय!"

टाइपरायटरपुढे बसलो. काडीचा उपयोग नाही? मी? अभिमान आडवा आला. लिहिलं : 'डॉ. जोशी म्हणजे या संस्थेचा कणा. ते गेले तर प्रयोगशाळा दुसऱ्या दिवशी बंद पडेल. नव्या भारताला असेच तरुण हवेत.' सेनबाबूंनी खाली झोकदार सही ठोकली.

उत्तर आलं. पुन्हा बोलावणं.

'इतका मोलाचा माणूस एका तरुण राष्ट्रापासून हिरावून घ्यायला आमचं मन धजत नाही. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे.'

"काय म्हणतात?"

घसा खाकरून म्हणालो, "नको म्हणतात, सर. तुमच्याकडेच राहू द्या म्हणतात."

"बघा! फुकटसुद्धा नको!" सेनबाबूंनी कॅटलॉगांचा नवा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "असो. हे शनिवारपर्यंत द्या. तुमचं भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द!"

खरंय. सेनबाबूंचं तेवढं एकच उत्तर शब्दाला शब्द उतरवलं असतं, तर फुकट का होईना, गेलो असतो हो!