कराचीत बसून राहिलेला गणपती

पेणच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली, तशी सिंधूआत्या खिडकीजवळ बसली आणि मला म्हणाली, "डबे मांडीवर घे. खाली ठेवलेस तर मी उतरून घरी जाईन." माणसं परदेशी जाताना पासपोर्ट सांभाळतात. मी पोह्यांचे डबे सांभाळत कराचीला निघालो होतो.

सिंधूआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. जन्म कराचीचा, म्हणून तर नाव सिंधू. आजोबा तिथल्या बंदरात कारकून होते आणि रणछोड लाइनमध्ये एका इमारतीत आमचं बिऱ्हाड होतं. फाळणीच्या वर्षी भाद्रपदात नेहमीसारखा पाच दिवसांचा गणपती बसला आणि तिसऱ्याच दिवशी निरोप आला, की मुंबईच्या बोटीत जागा मिळाली आहे, आत्ता निघा. मूर्ती घेऊन रस्त्याने समुद्रापर्यंत जावं असे ते दिवस नव्हते. आजोबांनी गणपतीला हात जोडले, दाराला कडी घातली आणि सगळे रोह्याला आले. बसवलेला गणपती पाण्यात न पोचवता कोणी घर सोडल्याचं आमच्याकडे ऐकिवात नव्हतं. आजोबा गेले, माझे वडील गेले, पण आत्याच्या मनात तो गणपती कराचीत तसाच बसून राहिला.

दरवर्षी कुंडलिकेत विसर्जन करून आम्ही घरी यायचो, रिकाम्या पाटावर नदीची चिमूटभर वाळू ठेवून आरती व्हायची, आणि खिरापत (खोबरं-साखरेचा प्रसाद) वाटताना आत्या एक वाटा पानावर काढून कोनाड्यात ठेवायची. "हा तिकडे बसलेल्याचा." सकाळी पान रिकामं असायचं. आत्याने कधी चौकशी केली नाही, आणि मी लहानपणी अंगाने जरा भरलेला का होतो हेही कोणी विचारलं नाही.

बाकी वर्षभर मात्र कराचीचा तोरा चाले. कराचीत ट्राम होती, रोह्यात काय आहे? कराचीचे रस्ते रोज धुवायचे, इथे माणसं धुतली तरी पुरे. कुंडलिका ही तिच्या मते नदी नव्हतीच, वहाळ होता. मी धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून दमून यायचो आणि रोह्याशेजारच्या वरसे गावातल्या आमच्या घरात बसून कराचीच्या हवेचं कौतुक ऐकायचो.

ऐंशीच्या दशकात एकदाचे दोघांचे व्हिसा आले. आत्याचा बेत तयार होता. जुनी मूर्ती आता काही असणार नाही, पण इथून एक लहानशी न्यायची, त्या घरात मालकाच्या परवानगीने घटकाभर बसवायची आणि तिथल्या समुद्रात सोडायची. म्हणजे राहिलेलं विसर्जन होईल. मूर्तीची जबाबदारी माझ्याकडे होती. आत्याने आयुष्यात केलेली ही एकच चूक.

पेणजवळच्या हमरापूरला एका ओळखीच्या कारखान्यात वीतभर उंचीची शाडूची मूर्ती मिळाली. मूर्तिकार ती पेंढ्यात बांधायला लागला, तर मी त्याला थांबवलं. विमानात गवत-पेंढा चालत नाही असं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हटलं, पोह्यांच्या डब्यात पुरून नेतो. त्याने हातातला पेंढा खाली ठेवला. "आमचे गनपती अमेरिकेला गेलेत," तो म्हणाला, "पन फराळातून कोनी गेला नाय."

पेणला उतरून पापड घेतले, पोहे घेतले आणि पत्र्याचे दोन डबे घेतले. एकात पोहे आणि गणपती, दुसऱ्यात नुसते पोहे, हे घरमालकाला भेट म्हणून. डबे अगदी जुळे भाऊ. ओळख पटावी म्हणून मी गणपतीच्या डब्याला कुंकवाचा ठिपका लावला आणि दोन्ही डबे एकमेकांना चिकटवून सुतळीने घट्ट बांधले. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

कराचीच्या विमानतळावर आमचे पापड पकडले गेले. अधिकाऱ्याने एक पापड उजेडात धरून पाहिला, वाकवून पाहिला, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. भाजून खायचा असतो हे सांगायला मी पुढे झालो, तर आत्याने कोट ओढून मला मागे घेतलं. डब्यांकडे त्याने पाहिलंच नाही.

बाहेर पडल्यावर आत्याने टॅक्सीवाल्याला पहिला प्रश्न केला, ट्राम कुठे मिळेल. तो म्हणाला, ट्राम बंद होऊन वर्षं झाली. मग धुतलेले रस्ते बघायला म्हणून आत्याने काच खाली केली आणि जी धूळ आत आली तिने आम्ही दोघं सारख्या रंगाचे झालो. "वारा बघ कसा आहे," आत्या खोकत म्हणाली. वारा मात्र खरंच चांगला होता. समुद्राचा, खारट, रेवदंड्याला येतो तसा. हे मी बोललो नाही. रेवदंड्याची बरोबरी तिला चालली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निहारी (रात्रभर शिजवलेलं मटणाचं कालवण) खाल्ली. दुकानदाराने सोबत मिरच्या आणि आल्याची बशी ठेवली. ती कोशिंबीर समजून मी आधी संपवली. त्यामुळे भारतातून आलेल्यांना पोलिसांकडे द्यावी लागते ती हजेरी द्यायला दोन्ही डबे घेऊन ठाण्यावर पोचलो तेव्हा माझे डोळे लाल होते, नाक वाहत होतं आणि मला धड बोलता येत नव्हतं. पलीकडच्या देशातून आलेला माणूस ठाणेदारासमोर रडत उभा आहे, हे दृश्य त्याच्याही सवयीचं नसावं. त्याने कागद उलटेपालटे करत विचारलं, कशासाठी आलात? माझा धीर सुटला. मी सुतळी सोडली, ठिपका नसलेला डबा बघायला लागलो, तर उन्हात आणि घामात घासून ठिपका दोन्ही डब्यांना लागला होता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि त्यातला एक डबा ठाणेदाराच्या टेबलावर ठेवला. आमच्या गावचे पोहे, घरच्यांना द्या. मोठ्या मिशांतून तो पहिल्यांदा हसला आणि शिक्का मारला. ज्याचं नाव घेतलं तो टेबलावर होता, हे मला नंतर कळलं.

दुपारी आम्ही रणछोड लाइनमध्ये गेलो. आत्याला रस्ता विचारावा लागला नाही. एका गल्लीच्या तोंडाशी थांबून तिने वर पाहिलं आणि माझा दंड धरला. लाकडी कठड्याची गॅलरी, तिच्यावर कोणाचे तरी लेंगे वाळत होते. "ती खिडकी माझी," ती म्हणाली. जिना चढताना चौथी पायरी तिने न बघता ओलांडली. मी बघूनही ओलांडली नाही आणि गुडघा फोडून घेतला. ती पायरी तेव्हापासून तुटकीच होती.

दार माझ्याच वयाच्या एका गृहस्थाने उघडलं. बोलायचं काम माझं, कारण मला उर्दू येते असा मी घरी समज करून दिला होता. माझी उर्दू सिनेमातली. तिच्यात एक तर प्रेम करता यायचं, नाहीतर खुनाच्या खटल्यात कबुली देता यायची. मी हात जोडून म्हणालो, की आम्ही दूरदेशीचे बदनसीब आहोत, आपल्या चौकटीवर दयेची भीक मागतो. त्याने माझा फुटलेला गुडघा पाहिला, लाल डोळे पाहिले, आत गेला आणि सुट्टे पैसे घेऊन आला.

आत्याने मला बाजूला केलं आणि साध्या हिंदीत सांगितलं, "भाईसाहब, मैं इस घर में पैदा हुई थी." तो ओशाळला. पैसे लपवायला त्याला जागा सापडेना. यूसुफ त्याचं नाव. त्याने आम्हाला आत नेलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. आत्या भिंती बघत होती. कोपऱ्यात जिथे गणपती बसायचा तिथे आता शिवणयंत्र होतं. तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "डबा उघड."

मी झाकण काढलं. बोटं घातली. पोहे. मनगटापर्यंत हात घातला. पोहे. कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा डब्याचा तळ लागला. यूसुफ आदराने बघत होता. त्याला वाटलं असावं, आमच्याकडे भेट अशीच देतात.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "गणपती कुठाय?"

"ठाण्यात," मी म्हणालो.

पुढचं आत्या मराठीत बोलली आणि ते पुष्कळ होतं. माझं शिक्षण, माझी कंपनी, माझ्या आईने मला बाळंतपणात पाजलेलं गुटीचं पाणी, सगळं त्यात आलं. इतकी वर्षं तो इथे बसून राहिला, आणि दुसरा आणला तर तू तो पोलिसांना दिलास, असं म्हणून ती रडायलाच लागली. मी कोपरापर्यंत पोह्यांत तसाच.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. "कोन गो बाय, एवडी तापलीस ती? रोह्याची काय तू?"

पडदा सारून एक थोराड बाई बाहेर आल्या. हातात कोयता, हाताला माशाचे खवले. यूसुफ म्हणाला, ही आमची अम्मी. अम्मीने डब्याशी वाकून मूठभर पोहे घेतले, नाकाशी धरले आणि डोळे मिटले. "पेनचे हायत," त्या म्हणाल्या.

त्यांचं नाव हमीदाबी, माहेर अष्टमीचं. अष्टमी म्हणजे रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडच्या काठाला. नवरा कराची बंदरात बोटीवर खलाशी, म्हणून लग्न होऊन त्या इकडे आल्या होत्या. आत्या ज्या नदीला वहाळ म्हणायची, तिच्या आठवणीने या बाईने कराचीत आयुष्य काढलं होतं. यूसुफ मला हळूच विचारू लागला, रोह्याच्या पाण्यात शिजवलेला भात खरंच तूप न घालता चमकतो का? तिथले आंबे, तिथले जिताडे (खाडीतला चवदार मासा), तिथली हवा. लहानपणापासून ऐकून त्याचे कान किटले होते. मी म्हटलं, तुमची ट्राम मला तोंडपाठ आहे. आम्ही एकमेकांकडे असं पाहिलं, जसं एकाच मास्तराचा मार खाल्लेले दोघं बघतात.

पण आत्याचं लक्ष कुठेच नव्हतं. तिने विचारलं, "तुम्ही या घरात आलात, तेव्हा इथे…"

"व्हता," हमीदाबी म्हणाल्या. "फुलां सुकलेली, उंदरांनी नारळ वडलेला, आनि हा आपला बसलाय वाट बघत. मी यूसुफच्या बापाला म्हटलं, दिस उलटून गेलं याचं, याला पाण्यात पोचव. आमच्या ओट्यावरनं दरसाल दिसायचे ना तुमचे गनपती जाताना. तो म्हनला, बाहेर काय चाललाय ते बघतेस ना? म्हटलं, माझी वढनी घाल त्याच्यावर, खांद्याशी धर, कोनी विचारलं तर पोर तापलंय सांग."

"मग?"

"मग काय, नेला. सोंड तेवडी वढनीत मावत नव्हती. रस्त्यात एकाने विचारलान, काय झालाय पोराला? यूसुफचा बाप म्हनला, नाकाला सूज हाय." त्या हसायला लागल्या, मग थांबल्या. "जेटीवर सोडला. पाट रिकामा ऱ्हायला नको, वाळू आन म्हटलं व्हतं, ती पन आनलीन. आरती कोनाला येत नव्हती. तेवडी ऱ्हायली गो."

आत्याने विचारलं, पाट कुठे आहे. हमीदाबी जरा चपापल्या, आत गेल्या आणि न्हाणीत बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आला तो आजोबांचा पाट, एक कोपरा तुटलेला, मधोमध कोयत्याच्या वारांनी खोलगट झालेला. हमीदाबी या घरात आल्यापासून त्यावर मासे कापले जात होते. मला वाटलं, आता दोन देशांत पुन्हा जुंपणार. आत्याने पाट शिवणयंत्राशेजारी ठेवला, पदर खोचला आणि रिकाम्या पाटासमोर हलक्या आवाजात आरती म्हटली. मी टाळ्या वाजवल्या, यूसुफने माझं बघून वाजवल्या. माझा ताल चुकला, त्याचा चुकला नाही.

निघताना आत्याने पाट मागितला. हमीदाबींनी साफ नाही म्हटलं. "दुसऱ्या पाटावर माझा हात बसत नाय. तुजा देव पोचवला, आता माजे मासे बंद पाडतेस काय?" आत्याला हे पटलं. मला आजही पूर्ण पटलेलं नाही, पण त्या दिवशी जेवणात जिताडं नसलं तरी पापलेट होतं, आणि मी तीनदा वाढून घेतलं.

निघायच्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी एक हवालदार आला, हातात आमचा डबा. ठाणेदारसाहेबांचा निरोप होता, की कागदावर दोघांचीच नोंद आहे, मग हे तिसरे कोण? पोहे साहेबांच्या घरी राहिले होते. गणपती कापसात गुंडाळलेला, कानातले पोहेसुद्धा कोणीतरी काडीने काढलेले. हमीदाबी निरोप द्यायला आल्या होत्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "याला परत ने गो. कुंडलिकेत सोड. पन आमच्या बाजूने."

मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, पाकिस्तानातून काय आणलं? मी खरं ते सांगितलं. त्याने डबा उघडला, मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वरिष्ठांना बोलावलं. पुढचा सगळा वेळ मी हमरापूरचा पत्ता सांगत होतो.

घरी आल्यावर आत्याने वरशात सर्वांना सांगितलं, कराचीत आता ट्राम नाही, रस्ते धुळीचे आणि माणसं मात्र रोह्याची आहेत, म्हणून बरी. कुंडलिकेला ती तेव्हापासून नदी म्हणायला लागली.

भाद्रपदात तो गणपती आम्ही बसवला आणि पाचव्या दिवशी पूल ओलांडून अष्टमीच्या काठाने सोडला. घरी आलो, पाटावर वाळू ठेवली, आरती झाली. आत्या खिरापत वाटत होती. सवयीने तिने एक वाटा पानावर काढला आणि कोनाड्याकडे निघाली. मी म्हटलं, आत्या, आता तिकडे कोणी बसलेलं नाही.

"आहे की," आत्या म्हणाली. "मासे कापत बसली असेल."