पावलं न वाजवणारा भाडेकरू

‘अपटाइट’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, आणि तोही माझ्याचविषयी. सन साठ उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मी पुण्याहून पीएचडीसाठी आलो होतो. चार घरमालकांनी माझा चेहरा पाहून दार लोटलं. पाचव्या दारी एका विधवा बाईंनी वरची खोली दिली. ही खोली गेली तर मी कुठे जाणार, याच धास्तीत मी राहू लागलो. जिना चढताना बूट हातात, दार लावताना श्वास रोखलेला. फोडणीचं तर नावच नको.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन होता. तो एकदा म्हणाला, “यू आर सो अपटाइट!” मला वाटलं, टापटीप म्हणतोय. मी चक्क थँक्यू म्हणालो. तो पोट धरून हसला आणि खांदे कानांपर्यंत नेऊन मला माझीच नक्कल करून दाखवली. म्हणाला, “परीक्षेच्या दिवशी घाबरतो तो नर्व्हस. परीक्षा नसतानाही जो असा बसतो, तो अपटाइट.” मला रागच आला. ह्याच्या तोंडावर कुणी दार लोटलं होतं?

पुढच्याच रविवारी बाईंनी मला खाली बोलावलं. टेबलावर कॉफी आणि केक होता, पण त्यांचा चेहरा उतरलेला.

“आल्झो, तर मग,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला इथं आवडत नसेल, तर मी दुसरा भाडेकरू बघते.”

मी घाईघाईनं विचारलं, “माझा आवाज होतो का?”

“आवाज? आवाजच तर नाही! तुम्ही घरात आहात की नाही, तेही मला कळत नाही. माझे यजमान युद्धावरून परत आले नाहीत. तेव्हापासून वर कुणी चाललंच नाही. पावलं ऐकू यावीत म्हणून तर खोली दिली मी.”

मला फार लाज वाटली आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं. केकचे दोन तुकडे खाल्ले. मग दाराशी जाऊन बूट घातले, नाड्या आवळल्या आणि धाडधाड जिना चढलो. शेवटच्या पायरीवर तर जरा जास्तच जोर दिला.

खालून बाईंचा आवाज आला, “गेनाऊ! अस्संच!”