बारा नंबर

योगेशने बारा नंबर कुठल्याही ज्योतिष्याच्या सांगण्यावरून सोडला नव्हता.
माझ्यामुळे सोडला होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. कडोदऱ्याच्या हायवेवर, ड्युटीवरून घरी येताना, अपघातात.
वर्षभर त्याच्या फोटोखाली तुम्हा मित्रांच्या कमेंट वाचतोय. कोणी लिहिलं, दोन नंबर त्याला लकी होता. कोणी लिहिलं, कुठल्याशा मुलीची बर्थडेट होती. मी सगळ्यांना लाईक दिलं आणि गप्प बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: योगेश म्हणजे आमच्या लिंबायतच्या बास्केटबॉल टीमचा स्टार. पुढे राज्याच्या टीमपर्यंत गेला. तिथे सगळ्यांनी त्याला दोन नंबरच्या जर्सीत पाहिलं.
त्याआधी तो आमच्याकडे बारा नंबर होता.

बारा का, तर त्याचे वडील, आप्पा, कापडाच्या लूमच्या कारखान्यात बारा नंबरच्या लाईनीवर होते.
दिवसपाळी आप्पांची. त्याच लाईनीवर रातपाळी माझ्या वडिलांची.
सकाळी सात, संध्याकाळी सात. एकाने सोडायची, दुसऱ्याने धरायची. याला जोडीदार म्हणतात. जोडीदार आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, एवढाच नियम आमच्या दोन्ही घरांत पाळला जायचा.

मी टीममध्ये आलो तेव्हा नवीन जर्सी आल्या. साध्या, लाल. नंबर ज्याचा त्याने शिवून घ्यायचा.
माझी आई घरी साड्यांना लेस लावायची. मी तिला सांगितलं, योगेशला बारा शिव, आणि मलाही बारा.
तिला काही खटकलं नाही. मलाही नाही.
एका नंबरवर दोन माणसं, यात काय विशेष? आमच्या घरी तर जन्मापासून तेच चाललं होतं.

शहराच्या स्पर्धेत पहिली मॅच. माझ्या आयुष्यातली पहिली.
स्कोअर लिहायच्या टेबलवरच्या साहेबांनी यादी पाहिली आणि पेन खाली ठेवलं.
"एक नंबर, एक खेलाडी."
फाऊल नंबरावर लिहितात म्हणे. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमचे सर माझ्यावर असे काही तापले की बोलायची सोय नाही. म्हणाले, तू जर्सी काढ आणि बस बाहेर.
मी काढायला लागलो. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

योगेश माझ्या आईकडे गेला. ती मॅच बघायला आली होती आणि धागे कापायचं कटर तिच्या पर्समध्ये असायचंच.
त्याने जर्सी काढली, मांडीवर घेतली आणि बारामधला एक उसवला.
पुढचा. मग मागचा.
उरला दोन. तोही बाजूला सरकलेला, वेडाविद्रा.

मी म्हणालो, अरे माझा उसव ना. तर म्हणाला, तुझी पहिली मॅच आहे, मला लोक नंबरावरून थोडेच ओळखतात.

मॅच आम्ही जिंकलो. मी दोन फ्री थ्रो सोडून काही केलं नाही. तेही चुकले.

पुढच्या मॅचला आप्पा आले. सुट्टी टाकून. कारखान्यात चार जणांना सांगून आले होते की पोरगा आपल्या लाईनीचा नंबर घालतो.
त्यांनी दोन नंबर पाहिला. बेंचवरचा माझा बारा त्यांना दिसलाच नाही. अर्ध्या मॅचमधून उठून गेले.
पुन्हा कधी ग्राउंडवर आले नाहीत.

त्यांना वाटलं, पोराला आता बापाच्या कामाची लाज वाटते.

मी योगेशला म्हटलं, मी जाऊन सांगतो. तो तेव्हा जे म्हणाला ते मी विसरू शकत नाही.
"आप्पाले काही सांगू नको. त्या दोन्हीस्ले रोज एकमेकस्ना हातमा मशीन देनं ऱ्हास."

म्हणजे माझ्या बापावर त्याच्या बापाचा राग नको. रोज दोनदा भेटायचं होतं त्यांना.
मी ऐकलं. मला ते सोयीचंही होतं.
पण दोघेही रिटायर झाले. माझे वडील गेले. तरी मी बोललो नाही. याला मैत्री म्हणत नाहीत, घाबरटपणा म्हणतात.

परवा आप्पांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.
ते उठले. मग कपाटातून ती लाल जर्सी काढली. जपून ठेवली होती. एक उसवला तिथली सुईची भोकं अजून दिसतात. त्यावरून बोट फिरवत म्हणाले,
"तुन्हा बाप नी मी इतला वरीस एकच नंबरवर काम करं. तुमले दोन्हीस्ले काबर नही जमनं?"

का जमलं नाही, तो टेबलचा नियम मी त्यांना समजावला. त्यांना तो काही पटला नाही.

निघताना जर्सी माझ्या हातात दिली.
"तुन्ही मायले सांग, तो एकडा परत लाई दे."

आईने तो एक काल लावला. चष्मा लावून, त्याच भोकांमधून.

आज सकाळी त्याच्या आठवणीत ग्राउंडवर मॅच ठेवली होती. आप्पा आले. योगेशची जर्सी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसले. बारा नंबर.

एक नंबर, एक खेलाडी.
म्हणून मी आज दोन घालून खेळलो. फ्री थ्रो आजही चुकले.

योग्या, आप्पांना सांगितलं रे. उशीर झाला, माफ कर.
तुला मनापासून नमस्कार, जोडीदारा.